अर्थतज्ज्ञ आपल्याला काय विचारतात?

मंदी आली, माल खपेना, दाराबाहेर काम मागणाऱ्यांची रांग लागली, तरी कंपन्या आतल्या माणसांचे पगार कमी का करत नाहीत? पाठ्यपुस्तकातल्या हिशेबाने तसं व्हायला हवं. वस्तूला गिऱ्हाईक कमी झालं की भाव उतरतो, मग श्रमाचाच भाव का अडून बसतो? या एका कोड्यावर अर्थशास्त्रात किती तरी सिद्धान्त झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ईशान्य भागात मंदी होती. तेव्हा येल विद्यापीठातले ट्रूमन ब्यूली नावाचे गणिती वळणाचे अर्थशास्त्रज्ञ टेबलावरून उठले आणि पगार ठरवणाऱ्यांनाच जाऊन भेटले. कंपन्यांचे व्यवस्थापक, कामगार संघटनांचे नेते, बेरोजगारांना सल्ला देणारे अशा ३०० हून अधिक माणसांशी ते बोलले. ठराविक प्रश्नावली पुढे करून खुणा करून घेतल्या नाहीत. माणसांना सविस्तर बोलू दिलं.

व्यवस्थापक पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होते. पगार कापला की माणसाचं मन कामातून उडतं. सहकाऱ्याला सांभाळून घेणं, कुणी न सांगता एखादी चूक दुरुस्त करणं, गिऱ्हाइकाशी चार शब्द नीट बोलणं, यातलं काहीच करारात लिहिलेलं नसतं आणि नेमकं तेच आधी थांबतं. त्यापेक्षा काही जणांना कामावरून कमी करणं कंपनीला परवडतं. काढलेला माणूस आपलं दुःख घेऊन दाराबाहेर जातो, पगार कापलेला माणूस ते घेऊन रोज आत येतो. हा हिशेब निष्ठुर आहे, पण मंदीत बेरोजगारी का वाढते हे समजायला तो लागतो. ब्यूली यांचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. तोवर मान्यता मिळालेले बरेच सिद्धान्त या मुलाखतींपुढे टिकले नाहीत. रॉबर्ट सोलो आणि जॉर्ज अकरलॉफ यांनी कामगाराच्या मनोधैर्याबद्दल आणि परस्परांतल्या देण्याघेण्याबद्दल मांडलेले विचार टिकले.

हे आधी सांगितलं, कारण अर्थशास्त्रावरच्या गप्पांचा सध्या सुकाळ आहे. तास-दीड तासाच्या मुलाखती, पॉडकास्ट, परिसंवाद. व्याजदरापासून घरभाड्यापर्यंत आणि लग्नापासून वाहतूक कोंडीपर्यंत कोणताही विषय घ्या, त्यावर एखादा जाणकार अर्थशास्त्रज्ञ बोललेला सापडतो. मी या मुलाखतींचा नेमाने ऐकणारा आहे. त्यांनी मला पाहायला शिकवलं, हे ऋण मोठं आहे. तरीही त्यांतल्या बहुतेकांत पाणी एकाच दिशेला वाहतं. तज्ज्ञ सांगतो, विचारणारा पुढचा प्रश्न वाचतो, आपण ऐकतो. तज्ज्ञ जसा आला तसाच परत जातो. माझं म्हणणं असं, की ज्या बोलण्यातून तज्ज्ञाला काहीच नवं कळत नाही ते निवेदन असतं. आणि अर्थशास्त्राला निवेदनाहून संभाषणाची गरज इतर कोणत्याही शास्त्रापेक्षा जास्त आहे.

जास्त का? कारण अर्थशास्त्राचा विषय स्वतः विचार करतो. ग्रहाला आपल्या कक्षेबद्दल मत नसतं. कामगाराला आपल्या पगाराबद्दल असतं, भाडेकरूला भाड्याबद्दल असतं, आणि त्या मतावरून तो वागतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये आपल्या ग्रंथाची सुरुवातच अशी केली की अर्थशास्त्र म्हणजे माणसाच्या रोजच्या व्यवहारातल्या जगण्याचा अभ्यास. फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ मधल्या एका निबंधात याच्या पुढचं पाऊल टाकलं. कोणत्या यंत्राला कधी सुट्टी असते, कोणत्या गोदामात जागा उरलेली असते, कोणता पुरवठादार शब्दाला पक्का आहे, अशी त्या त्या जागेची आणि वेळेची माहिती लाखो डोक्यांत विखुरलेली असते आणि ती एका टेबलावर कधीच गोळा होत नाही, असं त्यांनी दाखवलं. त्यांचा निष्कर्ष किमतींच्या बाजूने होता. ही विखुरलेली माहिती किंमत आपोआप पोचवते, असा. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माहिती जर अशी विखुरलेली असेल, तर तज्ज्ञाजवळ नसलेलं काहीतरी समोर बसलेल्या प्रत्येकाजवळ आहे.

अर्थशास्त्र या शब्दाच्या युरोपीय भावंडाचा, ‘इकॉनॉमिक्स’चा, जन्मही एका संभाषणाशी बांधलेला आहे. ग्रीक भाषेत घराला ‘ओइकोस’ म्हणतात आणि घराच्या व्यवस्थेला ‘ओइकोनोमिया’. याच विषयावर झेनोफन या ग्रीक लेखकाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एक संवाद लिहिला. त्यात सॉक्रेटिस सांगतो, की उत्तम घर चालवणारा म्हणून नावाजलेल्या इस्कोमाकसला आपण गाठलं आणि त्याच्याकडून शेती, घरकारभार, माणसं सांभाळणं यांविषयी जाणून घेतलं. शेतीचा विषय निघाल्यावर गंमत होते. आता प्रश्न इस्कोमाकस विचारू लागतो. रोपासाठी खड्डा किती खोल घ्यावा, ओल्या जमिनीत काय करावं, कोरड्या जमिनीत काय. सॉक्रेटिस एकेक उत्तर देत जातो आणि चकित होतो, कारण आपल्याला ठाऊक नाही असं जे त्याला वाटत होतं ते त्याने येताजाता पाहिलेलं असतं. मग तो विचारतो, प्रश्न विचारणं म्हणजेच शिकवणं की काय? तिथे जाणकार माणूस विचारतो आहे आणि शिकणारा उत्तर देतो आहे. हा उलटा क्रम आपण विसरलो.

तो विसरल्यावर काय होतं हे जेन मार्सेट यांच्या पुस्तकात दिसतं. रसायनशास्त्रावरचं त्यांचं संवादरूप पुस्तक वाचून पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे विज्ञानाकडे वळला. १८१६ मध्ये त्यांनी अर्थशास्त्रावरही असंच पुस्तक लिहिलं. मिसेस बी. ही शिक्षिका आणि कॅरोलाइन ही विद्यार्थिनी. जकात, कर, कागदी चलन असे शब्द कानावर पडले तरी कॅरोलाइनला जांभई येते, अशी सुरुवात. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि हजारो वाचकांची या विषयाशी पहिली ओळख त्यातून झाली. हे काम थोर होतं, विशेषतः ज्या काळात स्त्रीला विद्यापीठाचं दार बंद होतं त्या काळात. पण पुस्तकात कॅरोलाइन शंका काढते ती दूर होण्यासाठीच. श्रीमंतांची चैन, यंत्रं आल्यावर कामगारांचं काय होतं, गरिबी का टिकते, यांवर तिच्या मनात येणारे प्रश्न खरे आहेत. मिसेस बी. मात्र एकदाही “थांब, याचा मी विचार केला नव्हता” असं म्हणत नाही. दोनशे वर्षांनंतरच्या आपल्या मुलाखतींची ठेवण अजून तीच आहे. बदललंय ते फक्त माध्यम.

एकाच शब्दावरून तज्ज्ञ आणि सामान्य माणूस किती वेगळ्या वाटांनी जातात, याचं सगळ्यात जवळचं उदाहरण महागाईचं. समजा, एका वर्षी भाव ८ टक्क्यांनी वाढले आणि पुढच्या वर्षी ३ टक्क्यांनी. तज्ज्ञ सांगतो, महागाई कमी झाली. ऐकणारा म्हणतो, कुठे कमी झाली? शंभराला मिळणारी वस्तू १०८ ला झाली होती, आता १११ ला मिळते. तज्ज्ञ वाढीच्या वेगाबद्दल बोलतो, ऐकणारा पातळीबद्दल. दोघंही बरोबर आहेत, आणि दोघंही समोरच्याला अडाणी किंवा खोटारडा समजून घरी जातात. सरकारवरचा, मध्यवर्ती बँकेवरचा, आकडेवारीवरचा किती तरी अविश्वास या एका न उलगडलेल्या शब्दातून जन्मतो असं मला वाटतं.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी १९९७ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी तीन देशांतल्या लोकांना आणि त्याचबरोबर अर्थशास्त्रज्ञांनाही महागाईबद्दल विचारलं. अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब असा असतो की भाव वाढतात तसे पगारही सावकाश वाढतात, त्यामुळे बेताच्या महागाईने खरं नुकसान फार होत नाही. लोकांच्या मनात ही साखळीच नव्हती. स्टेफनी स्टांचेवा यांनी अलीकडे, २०२४ मध्ये, हेच पुन्हा तपासलं तेव्हाही चित्र तसंच दिसलं. पगार वाढला तर माणूस म्हणतो, मी चांगलं काम केलं म्हणून वाढला. भाव वाढले तर म्हणतो, माझ्या कष्टाचं कुणीतरी काढून घेतलं. इथे तज्ज्ञाने “तुमची समजूत चुकीची आहे” म्हणून विषय मिटवावा का? मला तसं वाटत नाही. पगारवाढ मागायला साहेबासमोर उभं राहावं लागतं, नकार ऐकायची तयारी ठेवावी लागते, कधी नोकरी बदलण्याची धमकी द्यावी लागते. भाव मात्र न विचारता वाढतात. दोन आकडे कागदावर समान असले तरी एक आयता येतो आणि दुसरा भांडून मिळवावा लागतो. या भांडणाला किंमत आहे, आणि ती कुणी विचारल्याशिवाय हिशेबात येत नाही.

नुसता निष्कर्ष सांगून माणसं पटत नाहीत, याचाही पुरावा आहे. पाओला सापिएन्झा आणि लुइजी झिंगालेस यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नामवंत अर्थशास्त्रज्ञांची आणि सामान्य नागरिकांची मतं एकाच विधानांवर शेजारी ठेवली. विधानाशी सहमत असणाऱ्यांच्या टक्केवारीत दोन गटांत सरासरी ३५ अंकांचं अंतर निघालं. मग काही लोकांना आधी सांगितलं गेलं, की या प्रश्नावर तज्ज्ञांचं असं असं मत आहे. उत्तरं फारशी हलली नाहीत. यावरून लोक हटवादी आहेत असा अर्थ काढणं सोपं आहे. पण कोणत्याही अटीशिवाय मांडलेलं विधान आणि आपण ज्या अटींत जगतो त्या अटी यांत लोक फरक करतात, असाही अर्थ निघतो. “इतर सर्व गोष्टी स्थिर मानल्या तर” हे अर्थशास्त्राचं आवडतं पालुपद. ऐकणाऱ्याच्या घरात इतर गोष्टी कधीच स्थिर नसतात.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप. अर्थशास्त्रज्ञ लोकांना विचारायला नाखूष असतात, याला आळस हे कारण नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ मध्ये बिलियर्ड्सच्या निष्णात खेळाडूचा दाखला दिला होता. तो भूमितीची सगळी सूत्रं ठाऊक असल्यासारखा चेंडू मारतो. त्याला सूत्रं विचाराल तर सांगता येणार नाहीत, आणि म्हणून सूत्रं खोटी ठरत नाहीत. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, रिचर्ड लेस्टर यांनी उद्योजकांना विचारून लिहिलं, की माणसं किती ठेवायची हे ठरवताना ते मजुरीच्या दराकडे पाहतात त्याहून मागणीकडे कितीतरी जास्त पाहतात. फ्रिट्झ माखलुप यांनी त्यांना धारदार उत्तर दिलं. गाडी चालवताना समोरच्या ट्रकला ओलांडायचं की नाही हे माणूस ठरवतो तेव्हा वेग, अंतर, रस्ता यांची गणितं तो मांडत नाही, तरी त्याच्या निर्णयात ती सगळी असतात. त्यालाच विचारून काय हाती लागणार? माणसं काय सांगतात ते सोडा, काय करतात ते पाहा.

या युक्तिवादात तथ्य आहे. माणूस आपल्या वागण्याची शोभणारी कारणं देतो. मीही देतो. कुणी मला विचारलं की अमुक वस्तू का घेतलीस, तर मी टिकाऊपणा सांगेन, शेजाऱ्याकडे पाहिल्याचं सांगणार नाही. पण बिलियर्ड्सच्या खेळाडूला भूमिती विचारणं आणि त्याने हा फटका सोडून तो का मारला हे विचारणं यांत फरक आहे. पहिल्याचं उत्तर त्याला येणार नाही, दुसऱ्याचं येईल, आणि कदाचित ते आपल्या सूत्रात नसलेलं असेल. टेबलाची एक कड किंचित उतरती आहे हे त्यालाच माहीत असतं. ब्यूली यांनी व्यवस्थापकांना सिद्धान्त विचारले नाहीत. तुम्ही पगार कापायचा विचार केला होता का, मग का थांबलात, कापला तेव्हा काय झालं, असं विचारलं. ॲलन ब्लाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास सुमारे २०० कंपन्यांना विचारलं, की खर्च वाढला तरी भाव लगेच का वाढवत नाही. बऱ्याच जणांचं उत्तर होतं, की आधी दुसरा कोण वाढवतो याची आम्ही वाट पाहतो. हे बाहेरून आकड्यांत दिसलं असतं का? उशीर दिसला असता, वाट पाहणं दिसलं नसतं.

लेस्टर पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात दीर्घकाळ शिकवत होते. त्याच प्रिन्स्टनमधल्या डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९२ मध्ये किमान वेतनाचा प्रश्न हाती घेतला. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात होतं तेवढंच राहिलं. या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड रेस्टॉरंटांना आधी आणि नंतर फोन करून विचारलं, तुमच्याकडे किती माणसं कामाला आहेत? पाठ्यपुस्तकाप्रमाणे न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या. तशी घट त्यांना दिसली नाही. १९९४ मध्ये निबंध छापून आला आणि वादाचा डोंब उसळला. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॅशर यांनी पगारपत्रकं तपासून उलट निष्कर्ष काढला, कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदी घेऊन पुन्हा उत्तर दिलं. हे सगळं शास्त्राला शोभणारं होतं. जे शोभणारं नव्हतं ते कार्ड यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं. या विषयापायी आपण बरेच मित्र गमावले आणि म्हणून त्यापासून दूर राहिलो, असं ते म्हणाले. २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, क्रूगर त्याआधीच, २०१९ मध्ये, गेले होते. तज्ज्ञांचं आपसातलं संभाषण तुटतं तेव्हा त्याची किंमत विषयाला मोजावी लागते. माणूस तो विषयच सोडून देतो.

ते जुळतं तेव्हा काय होतं, याची एक गोष्ट मला फार आवडते. रोनाल्ड कोस हे कारखाने पाहत हिंडलेले अर्थशास्त्रज्ञ. विशी ओलांडल्या-ओलांडल्या, १९३१-३२ मध्ये, शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडहून अमेरिकेत गेले आणि उद्योजकांना विचारत फिरले, की अमुक वस्तू तुम्ही स्वतः का बनवता आणि तमुक बाहेरून का आणता? बाजार जर सगळं जुळवून देतो, तर कंपनी नावाची चीज असतेच कशाला? त्यातून १९३७ चा निबंध झाला. बाजारात व्यवहार करायलाही खर्च येतो, माणूस शोधावा लागतो, घासाघीस करावी लागते, करार लिहावा लागतो, तो पाळला जातो का हे पाहावं लागतं. हा खर्च जिथे जास्त तिथे कंपनी उभी राहते. प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारावा असा होता. त्याचं नोबेल मिळायला १९९१ उजाडलं.

पण मला सांगायचंय ते १९६० मधल्या संध्याकाळबद्दल. प्रदूषण, गोंगाट, रेडिओ लहरींची एकमेकांत होणारी ढवळाढवळ अशा नुकसानींबद्दल कोस यांनी जे मांडलं होतं ते शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांना साफ चुकीचं वाटत होतं. त्यांनी कोस यांना बोलावलं आणि ॲरन डिरेक्टर यांच्या घरी जेवणानंतर सगळे बसले. फ्रीडमन होते, जॉर्ज स्टिगलर होते. स्टिगलर यांच्या आठवणीनुसार सुरुवातीला कौल २० विरुद्ध १ असा होता. दोन तास वाद चालला. फ्रीडमन सर्वांत जास्त बोलले. शेवटी कौल २१ विरुद्ध शून्य झाला, कोस यांच्या बाजूने. ही संध्याकाळ ध्वनिमुद्रित करून ठेवायची बुद्धी आपल्याला झाली नाही याची हळहळ स्टिगलर यांनी नोंदवली आहे. ती वाचून मलाही हळहळ वाटते. आज प्रत्येक मुलाखतीचं ध्वनिमुद्रण होतं, पण त्यात कुणाचं मत बदलताना ऐकू येणं दुर्मीळ. त्या खोलीत वीस हुशार माणसं आपण चुकत होतो हे एकमेकांसमोर कबूल करू शकली, कारण तिथे प्रेक्षक नव्हते. प्रेक्षकांसमोर हे जमेल का, हा माझ्या मते आजचा खरा प्रश्न आहे.

जमायला हवं, कारण प्रेक्षक तज्ज्ञाला बिघडवतात. फिलिप टेटलॉक यांनी १९८० च्या दशकापासून सुमारे वीस वर्षं २८४ तज्ज्ञांकडून राजकीय आणि आर्थिक भाकितं गोळा केली आणि ती खरी ठरतात का हे पाहिलं. ज्यांना माध्यमांतून जास्त बोलावणं येई त्यांची भाकितं इतरांपेक्षा कमी भरवशाची होती. एका मोठ्या कल्पनेला धरून ठामपणे बोलणारा ऐकायला बरा वाटतो. “एकीकडे असं दिसतं, पण अमुक झालं तर मी चूक ठरेन” म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावलं जात नाही. इथे दोष आपणा ऐकणाऱ्यांचाही आहे. आपल्याला खात्री विकत हवी असते आणि बाजार ती पुरवतो.

म्हणून मुलाखतीतला माझा आवडता प्रश्न, “हे तुम्हाला कसं कळलं?” थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने २०१३ मध्ये तो विचारला तेव्हा कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधाचा जगभर दबदबा होता. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर कोसळतो, सरासरी उणे ०.१ टक्के होतो, असं त्यात होतं. सरकारी काटकसरीच्या समर्थनार्थ त्याचा आधार घेतला जात होता. हर्न्डनला वर्गातल्या अभ्यासासाठी तेच आकडे पुन्हा काढायचे होते आणि ते जुळेनात. त्याने लेखकांकडे त्यांची एक्सेल शीट मागितली, आणि त्यांनी ती पाठवली. सूत्र ओढताना पाच देश सुटले होते. ही चूक, गाळलेली काही वर्षं आणि देशांना वजन देण्यातल्या वादग्रस्त निवडी दुरुस्त केल्यावर सरासरी २.२ टक्के आली. लेखकांची चूक लोकांनी चघळली. मला त्यांनी शीट पाठवली हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आपला निष्कर्ष कुठून आला ती वाट उघडी करून दाखवणं एवढंच आपण तज्ज्ञाकडे मागू शकतो, आणि ते मागायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग तज्ज्ञ कशाला, लोकांनाच विचारा आणि धोरण ठरवा. तसं माझं म्हणणं मुळीच नाही. माणसाला आपला कोपरा चांगला दिसतो, पण सगळे कोपरे मिळून खोली कशी दिसते हे त्याला ठाऊक असतंच असं नाही. एका घराने काटकसर केली तर ते घर सावरतं. मंदीत सगळ्याच घरांनी एकदम केली तर एकाचा वाचवलेला खर्च म्हणजे दुसऱ्याचं बुडालेलं उत्पन्न, आणि शेवटी सगळीच घरं खचतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी हे १९३० च्या दशकात जीव तोडून सांगितलं, कारण रोजचा अनुभव नेमकं उलटं शिकवतो. हा अनुभव खोटा नाही, त्याला गुणाकार करता येत नाही. तो गुणाकार करून दाखवणं हे तज्ज्ञाचं काम. त्यासाठी मला तज्ज्ञ हवा आहे आणि अगदी कळकळीने हवा आहे. पण गुणाकार करायचा तर आधी आकडा बरोबर हवा, आणि आकडा कोपऱ्यातल्या माणसाकडे असतो.

एलिनॉर ऑस्ट्रम यांचं सगळं काम याच सांध्यावर उभं आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सांगितलं, की सर्वांच्या मालकीचं कुरण सर्वजण मिळून उजाड करतात, आणि मग पुष्कळांनी धरून चालायला सुरुवात केली की वाचायचं तर सरकारचा ताबा हवा नाहीतर खासगी मालकी. ऑस्ट्रम यांनी कालवे, जंगलं, मासेमारीची पाणी वापरणाऱ्या माणसांचे अनुभव गोळा केले, स्वतः जाऊन आणि इतरांच्या नोंदी वाचून. तुर्कस्तानातल्या अलान्याच्या मच्छीमारांचं उदाहरण त्यांनी फिक्रेत बर्केस यांच्या अभ्यासातून घेतलं. चांगल्या जागांवरून तिथे मारामाऱ्या होत होत्या. मग मच्छीमारांनी स्वतःच मासेमारीच्या जागांची यादी केली आणि दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेऊ लागले. सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेला सरकत असे, जानेवारीनंतर मे पर्यंत पश्चिमेला, म्हणजे मासे ज्या बाजूने येतात त्या बाजूची संधी सगळ्यांना सारखी. कुणी फसवलं तर त्या दिवशी जागेवर हक्क असलेलाच त्याला अडवत असे, वेगळा पहारेकरी लागत नसे. ही रचना कुठल्याही मंत्रालयात बसून सुचली नसती. याच तुर्कस्तानातल्या बोद्रुममध्ये मात्र असं काही जमलं नाही, आणि ऑस्ट्रम यांनी तेही तितक्याच मोकळेपणाने लिहिलं. लोक नेहमी शहाणे असतात असा त्यांचा दावा नव्हता. कुठे जमतं, कुठे नाही आणि का, हे विचारल्याशिवाय कळत नाही, एवढंच त्या म्हणत राहिल्या. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि शिक्षणाने राज्यशास्त्राच्या.

आर्थिक विषयांवर मुलाखती घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, की अधूनमधून एक तिसरी खुर्ची ठेवा. एका बाजूला महागाईवर आयुष्यभर काम केलेला अर्थशास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला रोज भाव लिहिणारी, बिल बनवणारी, भाडं ठरवणारी एखादी व्यक्ती. तिला प्रतिनिधी करू नका, “सामान्यांना काय वाटतं” असंही विचारू नका. पहिली वीस मिनिटं प्रश्न फक्त अर्थशास्त्रज्ञाने विचारावेत, आणि तेही घडून गेलेल्या गोष्टींबद्दल. मत विचारलं की माणूस ऐकीव बोलतो, घडलेलं विचारलं की आठवून बोलतो. मग पाळी उलटावी आणि तिने विचारावं, हे तुम्हाला कसं कळलं, आणि काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की मी चुकलो? ऐकणाऱ्यांना त्यात निष्कर्ष कमी मिळतील, कबूल. सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर अर्थशास्त्रज्ञाचा पहिला प्रश्न मी लिहूनच देईन: मागच्या वेळी भाव वाढवायचं ठरवल्यापासून प्रत्यक्ष वाढवेपर्यंत तुम्ही किती दिवस थांबलात, आणि तेवढे दिवस तुम्ही कुणाकडे बघत होता?